जखम शिवायची नाही

(दृश्य: दांडिया बाजारातला जुना वाडा. ओसरीवर सतरंजी. मधोमध पांढऱ्या कापडाचा ढीग.)

बडोद्याचा दांडिया बाजार. रविवारची सकाळ. महिन्यातून एकदा ह्या ओसरीवर असं कापड पसरतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, कुणाकडे तरी लाखाच्या वाती वळायला बसलेत.

हे गॉज आहे, जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड.

जरा हातांकडे बघा. तुकडा कापला की आधी चारही कडा आत जातात. मग एक घडी, मग दुसरी, वरून नखाने दाब. दशा बाहेर राहता कामा नये. एक सुटा धागा जखमेत राहिला, तर तिथे पू धरतो. म्हणून प्रत्येक घडी एकदा उजेडाकडे धरून बघितली जाते आणि मगच डब्यात जाते. दहा-दहाची गड्डी, वर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख.

ह्यातले निम्मे लोक निवृत्त आहेत. बँकेतले, शाळेतले, एक शिवणकाम करणाऱ्या काकू. वैद्यकीय शिक्षण झालेले दोघेच. एक सिस्टर, आणि ते भिंतीला टेकून बसलेले, चष्मा कपाळावर सरकवलेले. सगळे त्यांना दादा म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली. म्हणजे सर्जनने केलेल्या कामाची पुढची निगा ज्याच्या हातात असते, तो माणूस. डिस्चार्ज कार्डावर त्याचं नाव कुठेही नसतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर दोन मोठे कुकर.)

घडी घातलेलं गॉज आता निर्जंतुक व्हायला कुकरमध्ये जाणार. हो, घरातलाच, वरणभाताचा कुकर. मोठ्या दवाखान्यात ह्या कामाला ऑटोक्लेव्ह असतं. १५ पौंड दाब, १२१ अंश तापमान. घरच्या कुकरचं वजनही साधारण तेवढ्याच दाबाला उचलतं. गॉज स्टीलच्या डब्यात, डब्याच्या झाकणाला भोकं, तळाला जाळी, जाळीखाली पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ लावून अर्धा तास थांबायचं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत. दाब उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. आणि उघडल्यावर आतली गड्डी ओली लागली, तर ती बाद. सुकवून पुन्हा पहिल्यापासून.

काकू सांगतात, सुरुवातीला त्यांना हे सगळं अति वाटायचं. मग त्यांनी ती कॅसेट बघितली.

(दृश्य: जुनी व्हिडिओ कॅसेट. पडद्यावर थरथरतं चित्र, कोपऱ्यात तारीख.)

२७ जानेवारी २००१.

आदल्या दिवशी शुक्रवार होता, प्रजासत्ताक दिन. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची जमीन हलली. केंद्र भचाऊ तालुक्यातल्या चोबारी गावाजवळ, तीव्रता ७.७. बडोद्यातही झेंडावंदनाला उभी राहिलेली माणसं धावत मैदानाच्या मध्यावर आली. इथे निभावलं. अहमदाबादेत इमारती पडल्या. कच्छमध्ये भुज, अंजार, भचाऊ, रापर ही गावंच्या गावं खाली बसली.

त्याच रात्री दांडिया बाजारातून एक मेटाडोर निघाली. आत अकरा माणसं, दोन डॉक्टर, गॉजचे डबे, प्लास्टरची रोल, सलाईनची खोकी, चार बादल्या, दोन स्टोव्ह आणि पोतंभर मीठ. मीठ कशाला, असं तेव्हा गाडीत बसलेल्यांनीही विचारलं होतं.

तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता. नडियादवरून अहमदाबाद, विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया. पुढे सूरजबारीचा पूल. भूकंपात त्याचंही नुकसान झालेलं. पडद्यावर दिसतेय ती लाल दिव्यांची रांग त्या पुलाआधीची आहे. सगळा गुजरात मदतीला निघालेला, आणि प्रत्येकाची गाडी एकामागे एक, पायी चालण्याच्या वेगाने.

भुजचं सिव्हिल हॉस्पिटल कोसळलेलं होतं. जिथे जखमी न्यायचे, तीच जागा ढिगाऱ्याखाली. म्हणून ज्युबिली मैदानावर, उघड्यावर, सलाईनच्या बाटल्या मिळेल त्याला टांगून उपचार सुरू झाले. बडोद्याची ही मंडळी मात्र भुजपर्यंत गेलीच नाहीत. भचाऊच्या अलीकडे, हायवेलगत, लोकांनी गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. तिथेच बादल्या उतरल्या.

(दृश्य: गॅसबत्तीचा उजेड. एक पाय, दोन हात, पाण्याची धार.)

हे चित्र आम्ही कापलेलं नाही. जसं आहे तसं ठेवलंय, कारण ह्या चार मिनिटांत सगळं आहे.

तिशी-पस्तिशीचा माणूस. नडगीवर वीतभर जखम, आणि तिच्यात घर भरलेलं. कच्छची जुनी घरं दगडाची, माती-चुन्यात बांधलेली. ती पडतात तेव्हा नुसता दगड लागत नाही, भिंतीची पूड मांसात जाऊन बसते. शेजारी उभा असलेला एक तरुण हातात सुई-दोरा घेऊन तयार आहे. शिकाऊ डॉक्टर, उत्साही, रात्रभर जागा. आणि आता बघा, चौकटीत डावीकडून एक हात येतो आणि तो सुई-दोरा बाजूला ठेवतो.

तो हात दादांचा.

जखम शिवायची नाही. धुवायची.

दादांना हे कच्छने शिकवलं नाही. ते ह्याआधी लातूरला गेले होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. तिथल्या घरांना माळवद. लाकडी सऱ्यांवर हात-हातभर मातीचा थर, खाली दगडमातीच्या जाड भिंती. सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. मदतीला गेलेल्यांनी जखमा भराभर शिवल्या. जखम मिटलेली दिसली की जखमीच्या नातेवाइकांना बरं वाटतं, शिवणाऱ्यालाही बरं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या जखमा लालबुंद, टम्म फुगलेल्या. टाके एकेक करून कापावे लागले. ते टाके कापायचं काम ड्रेसरकडे होतं.

कारण साधं आहे. माती आत, वर कातडी बंद, हवा नाही. मातीतल्या काही जंतूंना हवा नकोच असते. धनुर्वात त्यातलाच, आणि गॅस गँग्रीनही. गॅस गँग्रीनमध्ये बोटाने दाबलं तर कातडीखाली चुरचुर लागते, आणि तिथून पुढे पाय वाचवायचा की माणूस, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून भूकंपातली, युद्धातली, रस्त्यावर घासटलेली घाणेरडी जखम पहिल्या दिवशी उघडी ठेवतात. धुतात, मेलेलं मांस काढतात, सैल गॉज ठेवतात. चार-पाच दिवसांनी आतून लाल, स्वच्छ दिसली, तर मग टाके.

आणि धुवायची म्हणजे किती? सलाईनची एक बाटली ओतून नाही. हाड दिसणाऱ्या मोठ्या जखमेला सहा लिटर लागतात, कधी नऊ. एवढं सलाईन तिथे आणायचं कुठून? बाटल्या शिरेतून द्यायला पुरत नव्हत्या. म्हणून ते पोतंभर मीठ. पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं. १ लिटरला ९ ग्रॅम मीठ. सिस्टरने बडोद्याहून निघतानाच ९-९ ग्रॅमच्या पुड्या बांधून घेतल्या होत्या, सोनाराच्या काट्यावर तोलून. मागे स्टोव्हवर पातेलं दिसतंय, ते त्याचंच.

आता ही धार. २० सीसीची सिरिंज, १८ नंबरची सुई. नुसतं ओतलं तर पाणी वरून वाहून जातं, कण तिथेच राहतो. सुईतून जोरात मारलं की कण उचलला जातो. खालच्या परातीतलं पाणी बघत राहा. आधी चुन्याने दुधासारखं. मग तपकिरी. मग गुलाबी. परात चार वेळा रिकामी होते. पाचव्या वेळी पाणी निर्मळ उतरतं, तरी दादा बोट आत घालून कोपरा चाचपतात, आणि पुन्हा सिरिंज भरायला सांगतात.

तो माणूस ओरडत नाही. त्याचा चेहरा गॅसबत्तीच्या मागे आहे.

(दृश्य: कपाळावर, दंडावर चिकटपट्टीचे तुकडे.)

ह्या पांढऱ्या पट्ट्या कसल्या? केस पेपर नव्हते. माणूस इथून पुढे राजकोटला जाणार की अहमदाबादला, की हवाई दलाच्या विमानातून आणखी कुठे, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर मार्करने लिहायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. वेदनाशामक दिलं, किती वाजता. जखम धुतली, शिवलेली नाही. हे शेवटचे शब्द दादांनी प्रत्येक पट्टीवर लिहायला लावले. पुढच्या डॉक्टरला वाटू नये की शिवायचं राहून गेलं.

इथे बडोदेकरांचा आणखी एक उपयोग झाला, जो कुणी ठरवून नेला नव्हता. महाराष्ट्रातून आलेल्या डॉक्टरांना गुजराती येत नव्हतं. आमच्या मंडळींची जीभ दोन्हीकडे चालते, एक वाक्य मराठीत, दुसरं गुजरातीत, हे आमच्या घरी रोजचंच. त्यामुळे ज्याला सिरिंज धरता येत नव्हती, तो मध्ये बसून बोलला. कुठे दुखतंय, लघवी झाली का, कधीपासून नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका कच्छीच बोलायच्या, तिथे गुजरातीही अपुरी पडे. एक शब्द मात्र तिन्ही भाषांत तोच होता, पाणी.

(दृश्य: हललेलं चित्र. कोसळलेली स्लॅब, बाहेर आलेला एक हात, हाताला सलाईनची नळी.)

हे २८ तारखेचं. स्लॅबखाली मांड्यांपर्यंत अडकलेला माणूस. लोकांनी पहारी लावल्यात, उचलायची घाई आहे, आणि डॉक्टर त्यांना थांबवतायत. हे थांबणं बघायला क्रूर वाटतं. पण तासन्‌तास चेपलेल्या स्नायूंत विष साठतं. ओझं निघालं की ते एकदम रक्तात उतरतं. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, आणि स्नायूंचा लाल रंग मूत्रपिंडात अडकून लघवी कोऱ्या चहासारखी होते, मग थांबते. म्हणून शक्य असेल तर आधी शिरेत सलाईन, मग स्लॅब. तेही साधं मिठाचं सलाईन. रिंगर लॅक्टेट नावाचं दुसरं सलाईन नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं. स्वयंसेवकांना खोक्यातून बाटल्या वेगळ्या करायला लावल्या होत्या, त्या ह्याचसाठी.

ह्या माणसाला दुपारी बाहेर काढलं आणि राजकोटला पाठवलं.

कच्छच्या त्या भूकंपात १३,८०० हून जास्त माणसं गेली, दीड लाखांवर जखमी झाली. अंजारला झेंडावंदनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत गाडली गेली. भुजला नवं हॉस्पिटल २००४ मध्ये सुरू झालं. त्याची इमारत शिसं आणि रबराच्या बेअरिंगवर उभी आहे, जमीन हलली तरी वरचा मजला कमी हलावा म्हणून.

(दृश्य: पुन्हा ओसरी. दुपार.)

दांडिया बाजाराला हे काम अगदीच परकं नाही. ह्याच भागात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. तिथले राजरत्न माणिकराव जितके व्यायामगुरू म्हणून प्रसिद्ध, तितकेच निखळलेले सांधे बसवणारे म्हणून. आखाड्यात पडलेला पोर इथून कण्हत आला आणि हसत गेला, असं जुनी माणसं अजून सांगतात.

आजच्या वर्गाला चौदा जण आलेत, बहुतेक कॉलेजातले. प्रथमोपचार म्हटलं की त्यांना छाती दाबायची आणि पट्टी बांधायची एवढंच शिकवलेलं असतं. दादा त्यांच्यापुढे जखम ठेवतात. जखम म्हणजे सुरण.

ज्याने घरी सुरण धुतलाय, त्याला हसू येणार नाही. खडबडीत, खाचाखोचांचा, प्रत्येक खाचेत माती. दादा त्याचा मोठा तुकडा कापतात, चाकूने मध्ये वेडीवाकडी चीर देतात, अंगणातली माती आणि थोडा चुना त्यात अंगठ्याने दाबून भरतात. समोर परात, मिठाचं पाणी, २० सीसीची सिरिंज. वेळेचं बंधन नाही. पाणी कितीही वापरा.

ही मुलगी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. सिरिंज भरते, मारते, परात पांढरी होते. पुन्हा भरते. बोटांना खाज सुटलीये, सुरणाचीच, पण ती तुकडा खाली ठेवत नाही. काकू न विचारता तिच्या बोटांना चिंचेचं पाणी लावतात. तिसरी परात. चौथी परात. पाणी निर्मळ दिसतंय. ती तुकडा दादांकडे देते.

दादा चष्मा कपाळावरून खाली घेतात. तुकडा दाराच्या उजेडाकडे धरतात, चीर अंगठ्यांनी उघडतात, आतल्या कोपऱ्यात बघतात. मग तुकडा तिच्या हातात परत देतात.

“अजून आहे माती, बेटा.”

ती सिरिंज भरायला घेते.