तरवडाचं रोप मागू नका, बी पेरा

नमस्कार मंडळी. मागच्या नवरात्रात मी ठिबकच्या नळीतला कचरा कसा काढायचा यावर एक व्हिडिओ टाकला होता. त्यात माझ्या मागं बांधावर एक झुडूप पिवळंधमक फुललेलं दिसतंय. झालं! ठिबकबद्दल चार कॉमेंट, आणि बाकी सगळ्या 'दादा, मागचं झाड कुठलं? रोप मिळेल का?' रोप कुठल्या नर्सरीत मिळतं, रोप कुरिअरनं पाठवाल का, रोपाला काय घेता. एवढी मेहनत करून नळी साफ केली, ती कुणी बघितलीच नाही.

तर ते झाड म्हणजे तरवड. काही भागात आवळ म्हणतात. आवळा नव्हे, आवळ. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते, त्यामुळं आमच्या सांगोला-माण-जत पट्ट्यात हे झाड ओळखीचं आहे. शेजारी तेलंगणात हाच तंगेडु, तिथल्या सणात बतुकम्मा म्हणजे फुलांचा थरावर थर मनोरा रचताना लागतो, आणि तिथलं ते राज्यफूल आहे. आपलं राज्यफूल ताम्हण. देखणं आहे, वाद नाही. पण माझ्या मुरमात ताम्हण लावून बघा, आणि मग मला सांगा.

ओळखायचं कसं, ते झटपट. पानाचा देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं बघा. कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं बसलेली दिसतील. (फांदी कॅमेऱ्याजवळ) हे बघा, हे कान. १७५३ साली लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं याला ऑरिक्युलाटा नाव दिलं ते या कानांवरूनच. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आणि प्रत्येक बीच्या जागी थोडा फुगवटा. ज्यांनी मला टाकळ्याचे फोटो पाठवून 'आमच्याकडं पण आहे तरवड' असं लिहिलंय, त्यांनी टाकळ्याची भाजी करून खावी. टाकळा पावसात येतो आणि पावसाबरोबर जातो. तरवड झुडूप आहे, वर्षानुवर्षं राहतो.

ऊन पूर्ण पाहिजे. पाणी साचता कामा नये. खत नको. संपली मूलभूत माहिती.

आता खरं सांगायचंय ते. रोप मागू नका. बी पेरा. आणि जिथं झाड हवंय, तिथंच पेरा.

पाच वर्षांपूर्वी मलाही वाटलं होतं की रोपच आणावं. म्हटलं, रस्त्याकडेला एवढे तरवड उभे आहेत, एक गुडघ्याएवढं काढून आणू, बांधावर लावू. सकाळी कुदळ घेऊन गेलो. वीतभर खणलं, मूळ सरळ खाली. हातभर खणलं, तरी सरळ खाली. बाजूला फाटे जवळपास नाहीतच. खाली मुरमाचा थर लागला, तर त्याच्या भेगेत ते घुसलेलं. कुदळ बाजूला ठेवली, पहार आणली. आणि शेवटी काय, कट्‌ करून तुटलं. वर गुडघाभर झाड, खाली हातभर मूळ, आणि उरलेलं मूळ अजून जमिनीतच. तरी आणून लावलं, आळं केलं, रोज पाणी घातलं. आठव्या दिवशी पानं गळाली, पंधराव्या दिवशी काडी. आई तिकडून म्हणाली, "उभं होतं ते बरं नव्हतं का रं?"

हे झाड दुष्काळात टिकतं म्हणजे त्याच्या अंगात काही जादू नाही. वर वीतभर दिसायला लागेपर्यंत त्यानं खाली सोटमूळ सोडलेलं असतं. ते मूळच त्याची विहीर आहे. उपटताना तुम्ही ती विहीर मागं ठेवून येता आणि वरचा रहाट घेऊन घरी जाता.

नर्सरीतल्या पिशवीचंही तेच. 'पण दादा, पिशवीत मूळ तुटत नाही ना?' तुटत नाही, पण वळतं. पिशवीच्या तळाला लागलं की गोल गोल फिरायला लागतं, जिलबीसारखं. असं रोप लावलं की वर हिरवं दिसतं, पण मूळ खाली जायचं विसरलेलं असतं. पहिल्या वैशाखात कळतं. पिशवीतच करायची हौस असेल तर लांब, निमुळती पिशवी घ्या आणि मूळ तळाला टेकायच्या आत जमिनीत लावा. पण इतकी धावपळ करण्यापेक्षा बी का नाही पेरत, मला सांगा.

तर बी. यात एकच मेख आहे, आणि 'दादा, पेरलं पण उगवलं नाही' म्हणणारे सगळे तिथंच फसलेत. (बी हातावर) हे बी बघा. तपकिरी, चकचकीत, नखानं दाबलं तरी ढिम्म. वरचं टरफल इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. तसंच पेरलं तर एखादं उगवेल, बाकीची जमिनीत वर्षभर झोपा काढतील. म्हणून पाणी उकळायचं, गॅसवरून खाली उतरवायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि मग त्यात बी टाकायचं. तसंच रात्रभर राहू द्यायचं.

पाणी उकळायचं. बी उकळायचं नाही. एका ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलंय की त्यांनी बी पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळलं. ताई, ती उसळ झाली.

ही वाटी काल रात्रीची आहे. बघा फरक. हे फुगलेलं बी दुप्पट झालंय, रंग फिका पडलाय, बोटाला मऊ लागतंय. आणि हे अजून तसंच, गोटीसारखं. फुगलेलं आज पेरायचं, गोटी पुन्हा गरम पाण्यात. भोक असलेलं बी आधीच फेकून द्या, त्याला आतून किड्यानं खाल्लेलं असतं. आणि गरम पाणी नको असेल तर पॉलिश पेपरवर बीची एक कड घासा, पाणी आत शिरायला तेवढं पुरतं.

पेरायचं कधी? मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की. बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल, एका जागी तीन-चार बिया, पुढं जोमाचं एक ठेवा. पावसाळाभर मूळ खाली जात राहतं आणि तुम्हाला वर काहीच दिसत नाही. भाद्रपदात फोन येतात, 'दादा, चारच बोटं वाढलंय.' अहो, खाली बघा. म्हणजे खणून बघू नका! एकानं खरंच खणून बघितलं होतं, म्हणून सांगतोय.

पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी दिलं तर उपकार होतील. दुसऱ्या उन्हाळ्यापासून तेही नको. काळी माती, शेणखत आणि रोज पाणी, हा माझ्या बहिणीनं पुण्यात गच्चीवर केलेला प्रयोग. तरवड उंच, लुसलुशीत वाढला, फूल एक नाही, आणि श्रावणात मुळं कुजून आडवा झाला. कुंडीतच हवा असेल तर खोल ड्रम घ्या, तळाला भोकं पाडा, अर्ध्याहून जास्त मुरूम भरा, आणि बी त्याच ड्रममध्ये पेरा. बघा, पुन्हा तेच सांगतोय.

एक शंका बरीच शिकलेली मंडळी विचारतात. शेंगा येतात म्हणजे मुळांवर गाठी असणार, म्हणजे जमिनीला नत्र मिळणार, बरोबर ना? नाही. शेंगा येणाऱ्या सगळ्याच झाडांच्या मुळांवर गाठी नसतात, तरवडाच्याही नसतात. पालापाचोळा पडतो, माती धरून ठेवली जाते, हा फायदा आहेच. पण नत्राच्या आशेनं लावू नका.

आणि रीलवाले. 'आवारम' नावानं फुलांची पावडर, चहा, गोरेपणा, साखर बरी. आवारम म्हणजे तमिळमध्ये तरवडच. तमिळनाडूत म्हण आहे की आवारं फुललेलं असताना मरण कुणी पाहिलंय का. म्हण गोड आहे. पण मधुमेहाच्या गोळ्या बंद करून फुलं खाऊ नका. तो माझा विषय नाही, तुमच्या डॉक्टरांचा आहे. तरवडाच्या सालीनं पूर्वी कातडी कमावत, इतकी ती तुरट असते. एवढं लक्षात ठेवून मग काय तो चहा प्या.

पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. 'कुठली फवारणी?' कुठलीच नाही. त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, चार पानं खातील आणि उडून जातील. सकाळी आठच्या सुमाराला फुलापाशी उभे राहा. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला लटकतो आणि अंग थरथरवतो. घूंऽऽ असा वेगळाच आवाज येतो. या फुलात मध नसतो, परागच झटकून न्यायचे असतात. पूर्वी मला वाटायचं भुंगा चिडलाय.

छाटणी वळवाच्या आधी, गुडघ्यापर्यंत. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपणाचा खर्च नाही.

आणि आता सगळ्यात जास्त आलेली कॉमेंट, 'दादा, बी तरी पाठवा.' कशाला? दिवाळीनंतर शेंगा पिकायला लागतात, पौष-माघात वाळून तपकिरी होतात. कुठल्याही माळावर जा, झाडावरच्या निम्म्या शेंगा घ्या, निम्म्या तिथंच राहू द्या. पिशवी न्या. कुदळ घरी ठेवा.