मेणबत्तीचे बिल

अध्यक्षमहोदय आणि नाशिककर श्रोतेहो,

पत्रिकेत आजचा विषय ‘परजीवी आपल्या प्रतिकारशक्तीला कसे चकवतात’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे; पण त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्यावी. आपल्याकडे परजीवी म्हणजे आयतखाऊ, बांडगूळ, अधिक महिना उलटला तरी न हलणारा जावई, असा समज रूढ आहे. पुढच्या रांगेतील जावयांनी राग मानू नये, कारण परजीवींच्या रेण्वीय जीवशास्त्रात ३० वर्षे घालवल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. इतका कष्टाळू जीव मी दुसरा पाहिला नाही.

इथल्या द्राक्षबागायतदारांना वेलीवरचा केवडा रोग ठाऊक आहे. आपण ज्याला डाऊनी म्हणता, तो वेलीच्या जिवंत, हिरव्या भागावरच वाढतो. बशीत खाद्य घालून त्याला पोसता येत नाही. हिवतापाच्या परजीवीचेही दीर्घकाळ तसेच होते. लाव्हरां यांनी तो १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला, रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला तो डासाच्या जठराच्या भिंतीत सापडला, परंतु त्याची फॅल्सिपेरम ही सर्वांत घातक जात प्रयोगशाळेत अखंड वाढवणे १९७६ उजाडेपर्यंत साधले नव्हते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांना ते जमले, आणि त्यांच्या पद्धतीत एक साधन होते चक्क मेणबत्तीचे! डेसिकेटर म्हणजे झाकणाला तोटी असलेल्या काचेच्या हवाबंद भांड्यात मानवी तांबड्या पेशींच्या बशा ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचे आणि ज्योत विझली की तोटी बंद करायची. आतला प्राणवायू थोडा घटतो, कर्बवायू थोडा वाढतो, आणि परजीवीला हवी तशी हवा मिळते.

मी नोकरीला लागलो त्या संस्थेत, तिचे नाव सांगत नाही, कर्बवायूचे इन्क्युबेटर नव्हते. म्हणून मी दोन डझन मेणबत्त्यांचे बिल पाठवले. ते परत आले. वर शेरा होता की शास्त्रीय साहित्याच्या यादीत मेणबत्ती आढळत नाही; धार्मिक प्रयोजन असल्यास स्वतंत्र मंजुरी घ्यावी. मी दीड पानी खुलासा लिहिला. त्यावर उत्तर आले की प्रयोजन मान्य आहे, मात्र तीन दरपत्रके जोडावीत. आमच्या गल्लीत किराणा दुकान एकच होते. पुढची सहा वर्षे त्या मेणबत्त्या मी खिशातून आणल्या. एके दिवशी दुकानदार कळवळून म्हणाला, “साहेब, तुमच्याकडे रोजच वीज जाते का? तक्रार तरी करा.” पोषक द्रव रोज बदलावा लागे आणि परजीवीला रविवार कळत नाही, दिवाळी तर नाहीच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आधी प्रयोगशाळेत ज्योत लावून मग घरी पणत्या लावायला पोहोचत असे, आणि “पहिला दिवा त्यांचाच” हे सौभाग्यवतींचे वाक्य मी दर वर्षी निमूटपणे ऐकत असे.

या लाडांच्या बदल्यात तो काय करतो, ते पाहावे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि प्रथिने इकडून तिकडे पोहोचवणारी यंत्रणाही नसते. बिऱ्हाड केलेली खोली अशी ओकीबोकी असल्यामुळे सारी व्यवस्था भाडेकरूलाच उभारावी लागते. फॅल्सिपेरम सुमारे ४८ तासांत पेशीच्या पृष्ठभागापर्यंत स्वतःची प्रथिने पोहोचवतो. त्यांतील एका प्रथिनाच्या साहाय्याने पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेच्या गाळणीतून सुटते. याला आयतखाऊ म्हणायचे असेल, तर आम्हा प्राध्यापकांना काय म्हणावे?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ विषय धावतच सांगतो.

पृष्ठभागावर प्रथिन मांडले की ते प्रतिपिंडांच्या, म्हणजे परक्याला ओळखून पकडणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या, नजरेत येते. यावर उपाय म्हणून फॅल्सिपेरमकडे या प्रथिनाची सुमारे ६० जनुके असतात. एका वेळी सहसा त्यांतले एकच चालू असते आणि शरीराने ते ओळखेपर्यंत काही परजीवींनी दुसरे चालू केलेले असते. आफ्रिकेतील निद्रारोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोम याहून वस्ताद आहे. एकाच प्रथिनाच्या सुमारे १ कोटी रेणूंचा अंगरखा त्याच्या अंगावर असतो आणि पेटीत असे हजाराहून अधिक अंगरखे जनुकांच्या रूपाने घडी घालून ठेवलेले असतात. त्यांतली बरीच जनुके तुटकी असतात, पण तुकडे जोडून त्यांतूनही नवा अंगरखा शिवता येतो. रुग्णाच्या रक्तात परजीवींची संख्या लाटांसारखी चढत-उतरत राहते ती यामुळे.

त्याचा भाऊबंद ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आपल्याकडे घोड्यांना, उंटांना आणि गुरांना सर्रा हा रोग देतो. माणसाच्या रक्तातील एपीओएल१ हे प्रथिन त्याला मारते, त्यामुळे आपण सहसा सुरक्षित असतो. परंतु २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. तपासणीअंती त्या रुग्णाच्या या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. सुरामिन हे औषध दिल्यावर ते बरे झाले. प्रश्नोत्तरांना आता वेळ नाही. मागे बसलेल्या ज्या पशुवैद्यांनी सर्र्याचे नाव निघताच हात वर केला, त्यांनी मला खाली चहाच्या टेबलापाशी गाठावे.