वर देव कोणता हाय?

(दृश्य : सकाळची पांदण. बंडी जाते आहे. मागे डोंगरांची निळी रांग.)

अचलपूर तालुक्यातलं हे आमचं वावर. धुऱ्यावर उभं राहून उत्तरेकडं पाहिलं की गाविलगडची रांग दिसते. त्याच रांगेत, चिखलदऱ्याजवळ, वैराटचं ११७८ मीटर उंचीचं टोक आहे.

डोंगर चढणं म्हणजे देवाला जाणं, लहानपणापासून मला एवढंच माहीत. महाशिवरात्रीला सालबर्डी. ज्यांचा नवस मोठा, ते खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या मोठ्या महादेवाला.

त्यामुळे जर्मनीतून फोन करून मी आजोबांना सांगितलं, "आबाजी, काल वर्गातल्या पोरापोरींसोबत डोंगर चढून आली," तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं, "वर देव कोणता हाय वं?"

"देव नाही आबाजी. नुसतं चालायला जातात."

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "देव नाही, तं जातेत कायले?"

त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही.

(दृश्य : मोबाइलवरचे फोटो. गर्द हिरवं जंगल, सहा जण, पाठीवर पिशव्या.)

मी फ्रायबुर्गला वनशास्त्र शिकायला गेले होते. जुलैतला शनिवार होता. जॉर्जियाची एक मुलगी, इंडोनेशियाचे दोघं, ब्राझीलचा एक, एक तिथलाच आणि मी. आगगाडीनं हिंटरत्सार्टेनला उतरलो आणि फेल्डबर्गकडं चालायला लागलो. ब्लॅक फॉरेस्टमधलं हे सगळ्यात उंच शिखर, १४९३ मीटर.

वाट विचारायला रस्त्यात माणूस नाही, पण चुकायचीही सोय नाही. झाडाझाडावर पांढऱ्या पाटीवर लाल शंकरपाळं काढलेलं. फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत सुमारे २८५ किलोमीटर ही खूण तुम्हाला नेते. वाट आखली १९०० साली. ती जपणारी संस्था त्याहून जुनी, १८६४ची. तिचे स्वयंसेवक या खुणा सांभाळतात. ते ऐकून मला आमची पांदण आठवली. पावसाळ्यात गुडघाभर गाळ, आणि तिचं कोणी नाही.

(दृश्य : गोल तळं, भोवती कडे.)

दुपारी फेल्डझे तळ्यावर शिदोरी सोडली. हिमनदीनं कोरलेलं हे गोल तळं ३२ मीटर खोल आहे. माझ्या डब्यात पोळ्या आणि मायनं पाठवलेली जवसाची चटणी. जॉर्जियाच्या मुलीकडं द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडाची माळ. चटणी आधी संपली.

पण त्या दिवसाचं मला सांगायचं आहे ते हे नाही.

तळ्याच्या वर चढताना एका स्प्रूसच्या, म्हणजे तिथल्या सुईसारख्या पानांच्या उंच झाडाच्या, बुंध्याशी मी थांबले. शेंडा हिरवागार होता, पण सालीच्या भेगांत तपकिरीसारखा भुसा साचलेला. शेजारीच एक झाड पडलं होतं. त्याची सैल झालेली साल तिथल्या मित्रानं उचलून उलटी केली. आतल्या बाजूला मधोमध एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांनी बारीक बारीक नाल्या. कोणी मोडीत कागद लिहावा तशी. हे काम एका किड्याचं, तांदळाच्या दाण्याएवढ्या. जर्मन लोक त्याला 'पुस्तक छापणारा' म्हणतात.

झाडाला पाणी असलं की ते राळ सोडतं आणि शिरणारा किडा त्यात बुडून मरतो. २०१८पासून तिथं कोरडे, तापलेले उन्हाळे आले. झाडं तहानली, राळ आटली. त्यात पूर्वीची बीच-फरची झाडं तोडून माणसांनी मैलोगणती एकच स्प्रूस लावलेलं. किड्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला अडवणारं काहीच नाही.

मित्र सांगत होता आणि मला २०१७ची आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसत होती. वरून हिरवी, बोंडं भरलेली, आणि आत गुलाबी अळी. बाबांनी डिसेंबरातच पऱ्हाट्या उपटल्या होत्या.

मी त्या पोरांना कापूस काढून दाखवला, वहीत, पेन्सिलीनं. अळी लागलेलं न उमलणारं फूल, डोमकळी, कशी दिसते, पाकळ्या कशा चिकटलेल्या राहतात, तेही. पाचही जण वाटेवर बसून बघत राहिले. पुढं शिखरावर ढग होते. आल्प्स दिसले नाहीत.

(दृश्य : ऑक्टोबर. तेच वावर. आबाजी धुऱ्यावर बसले आहेत.)

सुट्टीत घरी आले तेव्हा आबाजींना मोबाइलवर त्या सालीचा फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं. नाल्यांवरून बोट फिरवलं.

"हे कोण्या देवाचं जंगल हाय वं?"

"देवाचं नाही आबाजी. तिथल्या लोकांचं."

"त्यायच्याकडंबी पाणी कमी पडून राहिलं काय?"

"हो."

ते उठले. पऱ्हाटीच्या दोन ओळी सोडून पलीकडं गेले, एक हिरवं बोंड तोडलं आणि अंगठ्याच्या नखानं उभं चिरलं. आत ओला कापूस, एका कप्प्यात काळपट डाग, आणि त्यात वळवळणारी अळी.

"फोटो काढ याचा," आबाजी म्हणाले. "त्या पोरायले पाठव."