वन-टनचा नवा हौदा

गोव्यात वाळपईच्या पुढे, रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. आत दिवसभर ग्राइंडर ओरडत असतो. आज तिथे आमची निसान वन-टन ही ट्रकगाडी उभी आहे. लष्करासाठी जबलपूरला बनलेली, जोंगा या लष्करी जीपच्याच घराण्यातली. सहा सिलिंडर, जवळपास 4 लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद. काकांनी ती लिलावात घेतली तेव्हा मी शाळेत होतो. इंजिन अजून ठणठणीत आहे. मागचा माल भरायचा हौदा मात्र गेला.

कॅमेरा जरा खाली घेऊया. चासीवरची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवरची, ही भेग बघा. मागच्या खेपेला एका गॅरेजमध्ये हौदा सरळ चासीला वेल्ड करून टाकला होता. कुळागराच्या, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेच्या, वाटेवर पुढचं एक चाक दगडावर चढतं, मागचं त्याच बाजूचं चाक खड्ड्यात उतरतं, आणि चासीला पीळ पडतो. तो पडायलाच हवा, म्हणून तर चाकं जमीन सोडत नाहीत. वर ताठ पेटी जखडली की हा पीळ वेल्डच्या कडेला येऊन साचतो, आणि तिथेच लोखंड फाटतं.

दुसरा घात पाण्याने केला. तो हौदा चौकोनी पाइपांचा होता. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. वेल्डमधल्या बारीक छिद्रातून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते. रंग शाबूत होता आणि आत पापुद्रे उरले होते.

आमच्या मेस्तांचं, या शेडच्या कारागिराचं, उभं आयुष्य खाणीवरच्या टिपरांचे, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे, हौदे बांधण्यात गेलं. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. शेडसमोर टिपर लागेनासे झाले, मेस्त गेट आणि ग्रिल करू लागले. असे हात ग्रिलवर खर्च होताना बघून जीव तुटतो. आमची गाडी बघून ते एवढंच म्हणाले, "चासीला वेल्ड मारायचा नाही, बाबा."

आरटीओची परवानगी आधीच काढली. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जुन्या गाडीचे कागद नीट असलेले बरे.

नव्या हौद्याचा सांगाडा 75 मिलिमीटरच्या उघड्या चॅनलचा, म्हणजे एका बाजूने मोकळ्या लोखंडी पट्टीचा. मीटरला सुमारे 7 किलो. कुठेही हात पोचतो, म्हणजे गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा ब्रशही पोचतो. चासीवर लाकडाची पट्टी, तिच्यावर सांगाडा. मागचे दोन टेकू घट्ट. पुढच्या दोन बोल्टांखाली जाड स्प्रिंगा: चासी पिळली की हौदा तेवढा उचलतो आणि परत बसतो. बोल्ट सगळे चासीच्या मूळ भोकांतून, नवं भोक एकही नाही.

तळाला मत्तीच्या फळ्या. महाराष्ट्रात या झाडाला ऐन म्हणतात, गोव्याचा हा राज्यवृक्ष. लाकूड हलकं पडेल असं मला वाटलं होतं. हिशेब केला तर 3 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला 24 किलोच्या आसपास, आणि मत्तीची इंचभर फळीही जवळपास तेवढीच. तरी लाकूडच घेतलं. एक फळी मोडली तर एकच बदलायची. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवता येते. मत्तीत टॅनिन असतं, साध्या लोखंडाशी ते काळं पडतं, म्हणून बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले.

आता परीक्षा. पुढच्या डाव्या चाकाखाली चिरे रचले, मागच्या उजव्याखालीही. गाडी हळूहळू वर चढली. चासी पिळली. पुढे हौदा आणि चासी यांच्यात दोन बोटं फट पडली. मेस्त खाली वाकून बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले. मग चिऱ्यांवरून गाडी उतरली आणि फट मिटली.

एप्रिल. हौद्यात काजूची बोंडं, शिगोशीग. त्यांचा आंबट रस पत्र्याला सोडत नाही. गाडी भाटीकडे, फेणी गाळायच्या भट्टीकडे, निघाली आहे. फळ्यांच्या फटींतून रस टपटप गळतोय, आणि मागे तांबड्या मातीवर ओल्या थेंबांची रांग लागली आहे.