बाराशेचा आकडा

(पहाट. नदीचं पात्र, वरून.)

भोकरदनवरून येणारी ही केळणा. तिच्या उत्तरेला ती बारीक रेघ दिसते, ती जुई. दोघी पुढं एकमेकींना मिळतात आणि त्याआधी मधे जी चिंचोळी जमीन सोडतात, तिच्यावर असई वसलंय. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. कपाशी, मका, बांधावर बाभळी. इंग्रजांच्या कागदांत केळणेची 'कैतना' झाली, जुईची 'जुआ' आणि गावाचं 'असाये'. ते कागद पहिल्यांदा वाचताना आपलाच मुलूख ओळखू येत नाही.

२३ सप्टेंबर १८०३. या दोन नद्यांच्या मधे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज उतरली होती. कवायती पायदळच दहा हजारांच्या वर, शंभरच्या आसपास तोफा, शिवाय हजारोंनी घोडेस्वार. कवायती कंपूंचा, म्हणजे युरोपी पद्धतीनं तयार केलेल्या पलटणींचा, सेनापती पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. समोर कंपनी सरकारचा आर्थर वेलस्ली. त्याच्याकडं गोऱ्यांच्या पायदळ पलटणी दोनच, ७४ वी आणि ७८ वी. गोरं घोडदळ एक. बाकी सगळे मद्रासकडचे शिपाई. म्हैसूरचं घोडदळही त्याच्या दिमतीला होतं, आणि पेशव्यांचंही. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात पेशव्यांनी इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहावर सही झाली होती ना, मग मराठी स्वार दोन्ही बाजूंना असणारच.

(दोन काठांवरची दोन गावं. बैलगाडी पाण्यातून जाते.)

हे दृश्य आम्हाला आपसूक मिळालं. आम्ही कॅमेरा लावून थांबलो होतो आणि गाडीवान सरळ पाण्यात उतरला. चाकं निम्मीसुद्धा बुडाली नाहीत.

लढाईचा निकाल इथं फिरला असं म्हणतात. मराठी फौज उत्तर काठाला, तोंड दक्षिणेकडं, पुढ्यात नदी. वाटाडे वेलस्लीला सांगत होते, इथं उतार नाही, म्हणजे नदी चालत ओलांडण्याजोगी जागा नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही काठांवर समोरासमोर गावं, पिंपळगाव आणि वरूड. गावं समोरासमोर आहेत म्हणजे माणसांची ये-जा असणार, आणि ये-जा आहे म्हणजे उतार असणार. एवढ्या अंदाजावर त्यानं फौज पाण्यात घातली. आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीनं हेच सांगितलं असतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

पाण्यात असतानाच तोफा सुरू झाल्या. वेलस्लीच्या हुजऱ्या स्वाराचं डोकं गोळ्यानं उडवलं आणि धड तसंच खोगिरावर बसून राहिलं. हे लिहून ठेवलेलं आहे, कारण लिहिणारा शेजारी होता.

पोलमननं मग जे केलं त्याचं कौतुक शत्रूनंही केलं. दक्षिणेकडं तोंड असलेली अख्खी रांग त्यानं पूर्वेकडं वळवली. उजवी बाजू केळणेला, डावी असई गावाला. तोफा ओढून नव्या जागी लावल्या. ऐन लढाईत हजारो माणसं एका रांगेत वळवणं म्हणजे काय, हे ज्यानं शाळेच्या मैदानावर कवायत केलीय त्यानं मनाशी करून बघावं.

(असई गाव. कडेची शेतं.)

या बाजूला ७४ वी पलटण चुकून गावाच्या फार जवळ आली. पलटण पाचशेच्या आसपास. दहा अधिकारी ठार, सात जखमी. १२४ शिपाई ठार, २७० जखमी. आकडे किती नेमके आहेत बघा. कंपनीत पलटणवार हजेरी होती, हजेरीला पगार बांधलेला होता, त्यामुळं संध्याकाळी कोण कमी आहे ते कळायचंच. एकूण बेरीजही अशीच येते : ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. अठरा बेपत्ता माणसंसुद्धा मोजलेली.

आणि मराठी बाजू? रणात पडलेली प्रेतं १,२००. ठार-जखमी मिळून ६,०००. बाराशे हा वेलस्लीनं वर कळवलेला आकडा, सहा हजार हा तेव्हाच्या लोकांचा अंदाज. दोन्ही गोल. इतिहासाची पुस्तकं तेच पुढं उचलत आली.

(पार. दोघेजण.)

शाळेतले गुरुजी म्हणाले, "बाराशे. पुस्तकात तसंच आहे." शेजारी बसलेल्या बाबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "बाराशे तं निस्ते तोफांपाशी पडले असतील. जुई वलांडताना मेले, घाटात मेले, ते कुणी धरले?"

बाबांचा मुद्दा खोडता येत नाही. प्रेतं मोजली ती रणातली. फौज पळाली उत्तरेला, जुईपार, आणि पुढं अजिंठ्याचा घाट उतरून गेली. त्या वाटेवर जखमा घेऊन चाललेली माणसं कोणत्याच बेरजेत नाहीत. गुरुजींचाही मुद्दा आहे, की कागद नाही तर आकडा कुठून आणायचा. दोघं बराच वेळ बोलले. आमच्याकडं चाळीस मिनिटांचं चित्रण आहे, इथं दीड मिनिट घेतलंय.

(गावाबाहेरचा मोकळा माळ.)

गोलंदाजांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. शिंदे आणि भोसले रण लवकरच सोडून गेले होते. घोडदळानं फारसं काही केलं नाही. गोलंदाज जागचे हलले नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा चालू होत्या. इंग्रजांची रांग वरून पुढं गेल्यावर तोफांखाली मेल्यासारखे पडलेले कित्येक जण उठले, तोफांची तोंडं उलटी फिरवली आणि पाठीमागून गोळे टाकले. इंग्रज लेखक याला सोंग म्हणतात. पळून जायला वाट होती, तरी ही माणसं तोफेकडं परतली. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. तोफा बरोबर अठ्ठ्याण्णवच मोजल्या, त्या चालवणारे किती होते ते कुणी मोजलं नाही.

त्यांतले बरेचसे मराठीही नसतील. शिंद्यांच्या कंपूंत उत्तर हिंदुस्थानातली माणसं मोठ्या संख्येनं होती. समोर पडले ते तेलुगू-तमिळ मुलखातले, स्कॉटलंडचे. असईच्या मातीत असईचा माणूस शोधायला गेलं तर क्वचितच सापडेल.

त्या रात्री वेलस्ली झोपेतून सारखा दचकून उठत होता, आपले सगळे मित्र मेले असं त्याला वाटायचं. इंग्रजांनी त्याचं स्वप्नदेखील नोंदवलंय.

(सैनिकी बोधचिन्ह. हत्ती.)

हा असईचा हत्ती, या लढाईबद्दल कंपनीनं पलटणींना दिलेलं मानचिन्ह. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर तो आजही आहे. शिंद्यांच्या गोलंदाजांसाठी आम्हाला दाखवता आला तो हा माळ. एक साधा दगड इथं उभा करायला कितीसा खर्च येतो, हा प्रश्न आम्ही पारावरही विचारला होता.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबरात आडगावची लढाई, डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह, आणि १८०३-०४ चा दुष्काळ.

(संध्याकाळ. जुईचा काठ, उत्तरेकडं जाणारी वाट.)

इंग्रजांचे जखमी अजिंठ्याला हलवले. लेण्यांत नव्हे, गावात. तिथं त्यांचा दवाखाना होता. शिंद्यांचे जखमी याच दिशेनं गेले, पण त्यांच्यासाठी दवाखाना होता का, हे कुठं वाचायला मिळालं नाही. घाटापर्यंत कॅमेरा न्यायचा होता. जुई ओलांडली आणि पाऊस आला.