वणव्याचा धूर, थंडावलेली नदी आणि गळ टाकणारा माणूस

नमस्कार. उत्तर कॅलिफोर्नियातल्या नद्यांवर गरवायला जाण्याचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, आणि गेली काही वर्षे नेमके तेच दिवस वणव्यांच्या धुराचेही झाले आहेत. बे एरियात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी लेबर डेच्या सुट्टीसाठी नदीकाठची तंबूची जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवलेली असते, आणि निघायच्या आदल्या दिवशी आकाश पिवळट दिसू लागते. अशा वेळी दोन प्रश्न पडतात: मासे लागतील का, आणि आपण जावे का? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध जातात, म्हणूनच आज या विषयावर सविस्तर बोलायचे आहे.

आपण क्लॅमथ नदीचे उदाहरण घेऊ. ओरेगॉनच्या दक्षिण भागातून निघून, सिस्कियू परगण्यातल्या डोंगरांमधून वाट काढत, सुमारे ४०० किलोमीटर वाहून ही नदी प्रशांत महासागराला मिळते. चिनूक सॅमन आणि स्टीलहेड समुद्रातून याच नदीने वर चढतात, आणि हे दोन्ही थंड पाण्याचे मासे आहेत. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यांना त्रास होऊ लागतो, पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि रोगजंतूंना मोकळे रान मिळते. २००२ सालच्या सप्टेंबरमध्ये क्लॅमथच्या खालच्या पट्ट्यात पाणी कमी आणि कोमट असताना किमान ३४,००० मासे रोगाने मेले, असा सरकारी अंदाज आहे. उन्हाळ्याच्या शेवटी या नदीत एखाद्या अंशाचा फरकही किती मोलाचा असतो, हे त्यावरून लक्षात यावे.

[पडद्यावर: धुराने भरलेल्या दरीचे छायाचित्र]

आता धुराकडे वळू. धुराचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश विखरतात आणि काही प्रमाणात शोषूनही घेतात, त्यामुळे दुपारी नदीच्या पाण्यावर पडणारी उष्णता कमी होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्लॅमथच्या खोऱ्यातल्या १२ ठिकाणच्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदी उपग्रहांनी टिपलेल्या धुराच्या दाटपणाशी ताडून पाहिल्या, तेव्हा सर्व ठिकाणी धुराच्या दिवसांत पाणी थंड झाल्याचे आढळले. दाट धुरात हा फरक अंशभराच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक असतो. ऐकायला ही घट किरकोळ वाटते, परंतु जो सॅमन नदीच्या मुखाशी थांबून पाणी निवण्याची वाट पाहत असतो, त्याचा पुढचा प्रवास याच फरकावर अवलंबून असू शकतो.

या अभ्यासामागची मूळ समज मात्र प्रयोगशाळेतून आलेली नाही, आणि हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. क्लॅमथच्या काठी हजारो वर्षे राहणारी कारुक जमात नदी आणि धूर यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. सॅमन नावाची उपनदी क्लॅमथला मिळते तिथल्या ऑफिल्ड डोंगरावर ते आपल्या वार्षिक विधीच्या वेळी आग लावत असत, आणि त्या धुराने नदी निवते व मासे वर येतात, असे त्यांचे वडीलधारे सांगत आले. या जमातीचे लोक आजही इशी पिशी धबधब्याच्या खडकांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे धरतात. त्यांच्या या सांगण्याला शास्त्रीय मोजमापाची जोड मिळायला २०१८ साल उजाडावे लागले, याची मला खंत वाटते.

मासे लागण्याचा प्रश्न याच्या पुढचा आहे. धुरकट दिवशी उजेड मंदावतो. ट्राउटला वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांचे भय असते, म्हणून लख्ख उन्हात तो कपारीत किंवा खोल डोहात दडून राहतो, आणि ढगाळ हवेत खळाळाच्या उथळ पाण्यात येऊन किडे टिपतो. दाट धुराच्या दुपारीही असेच घडते, असा अनेक गरवणाऱ्यांचा अनुभव आहे आणि त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. सरोवरांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठी दिवसा खोल जाणारे सूक्ष्म प्राणी धुराच्या दिवसांत वरच्या थरात राहू शकतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांची जागाही मग बदलू शकते. तरीसुद्धा माझे मत असे आहे की धुरात मासे हमखास लागतात किंवा मुळीच लागत नाहीत, अशा दोन्ही प्रकारच्या ठाम विधानांपेक्षा पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. तो दोरीला बांधून सावलीतल्या वाहत्या पाण्यात, गुडघाभर खोलीवर, दोन मिनिटे धरावा. पारा २० च्या वर असेल तर त्या दिवशी ट्राउटवर गळ टाकू नये, कारण इतक्या कोमट पाण्यात दमवून काढलेला मासा आपण सोडून दिला तरी तो पुढे जगेल याची शाश्वती नसते. मोंटानात तर नदीचे पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेले की दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवण्याचा निर्बंध लागू होऊ शकतो.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की धूर आला म्हणजे निघावेच. तसे मुळीच नाही, आणि आजच्या व्हिडिओतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

उन्हाळ्यात गरवणारा माणूस पहाटे नदीवर पोहोचतो, कारण पाणी तेव्हाच सर्वांत थंड असते. परंतु क्लॅमथसारख्या अरुंद, खोल दरीत पहाटेची हवाच बहुधा सर्वांत वाईट असते. रात्री थंड, जड हवा दरीच्या तळाशी साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो आणि सारा धूर नदीच्या पातळीला कोंडला जातो. एरवी सूर्य वर आला की जमीन तापून हे झाकण उचलले जाते, पण धूर फार दाट असेल तर ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग धूर दिवसेंदिवस तिथेच मुक्काम करतो. म्हणजे ज्या सावलीने माशाला दिलासा मिळतो, तीच सावली काठावरच्या माणसासाठी धुराचा मुक्काम लांबवते.

या धुरातले घातक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या जेमतेम विसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे असतात. ते नाकात किंवा घशात अडत नाहीत, तर थेट फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात. शिवाय गरवणे हा बसून करण्याचा खेळ आहे, ही समजूत नदीवर टिकत नाही. मांडीभर पाण्यात, गोट्यांवर पाय रोवत, प्रवाहाविरुद्ध चालताना श्वास अनेक पटींनी वाढतो आणि धूरही तितकाच अधिक आत जातो. धुराने डोके जड होणे, चक्कर येणे हे घरी बसल्या त्रासदायक असते, पण वाहत्या पाण्यात ते जिवावर बेतू शकते.

[पडद्यावर: हवेच्या गुणवत्तेचे दोन तक्ते शेजारी शेजारी]

भारतातून नव्याने आलेल्या मंडळींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असलेली हवा भारतीय निर्देशांकात अजून ‘समाधानकारक’ गटात बसते, तर अमेरिकी निर्देशांकात तीच हवा १५० च्या वर, म्हणजे सर्वांसाठीच अपायकारक गटात मोडते. त्यामुळे पुण्या-मुंबईत डोळ्यांत बसलेले आकडे आणि रंग इथे लावू नयेत. ‘एअरनाऊ’ या हवेच्या गुणवत्तेच्या सरकारी संकेतस्थळावरच्या आग आणि धुराच्या नकाशावर जवळच्या केंद्राचा आकडा पाहावा. तो १०० च्या वर असेल तर मुले, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे आणि दमेकरी यांनी बेत रद्द करावा, आणि १५० च्या वर असेल तर कोणीच जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. आई-बाबा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले असतील आणि त्यांची सहल हुकणार असेल, तरीही हेच लागू आहे. वाटेत अचानक धूर गाठलाच तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. कापडी रुमाल हे कण अडवत नाही, आणि दाट दाढीवर एन-९५ सुद्धा नीट बसत नाही.

कित्येकदा हा निर्णय आपल्या हाती राहतही नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या ऑगस्टअखेरीस वनखात्याने कॅलिफोर्नियातली जवळजवळ सर्व राष्ट्रीय वने लोकांसाठी बंद केली होती.

धूर ओसरला की नदी पुन्हा पूर्ववत झाली, असेही समजू नये. २०२२ साली २९ जुलैला क्लॅमथच्या काठी मॅकिनी वणवा पेटला, त्यात चार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ६०,००० एकर जंगल जळाले. ऑगस्टच्या आरंभी त्या उघड्या पडलेल्या उतारांवर वादळी पाऊस कोसळला आणि राख, माती, जळके ओंडके यांचा लोंढा नदीत उतरला. सायॅड व्हॅलीच्या मापन केंद्रावर ३ आणि ४ ऑगस्टच्या रात्री पाण्यातला प्राणवायू शून्यावर आला. हॅपी कॅम्प गावाच्या वरच्या अंगाला हजारो मासे मरून काठाला लागले. थंड सावली देणारा धूर आणि हा लोंढा एकाच वणव्यातून आले होते, म्हणून वणव्याचा धूर माशांना चांगला, असे वाक्य सुटे करून कोणाला सांगू नये. वरच्या अंगाला नुकतेच जळालेले जंगल असेल तर पावसाचा अंदाज पाहिल्याशिवाय दरीत उतरू नये, आणि पाणी एकाएकी काळे किंवा तपकिरी होऊ लागले तर सामान तिथेच सोडून उंच जागी जावे.

धुराचे सारे प्रकार एकसारखे नसतात, हेही सांगायला हवे. विसाव्या शतकात सरकारने प्रत्येक आग तातडीने विझवण्याचे धोरण राबवले, कारुकांची पारंपरिक जाळणी गुन्हा ठरली, आणि रानात साचत गेलेल्या झाडोऱ्याने आजच्या भडक्यांना खाद्य पुरवले. २०२४ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून आदिवासी जमातींना राज्याशी करार करून ही जाळणी आपल्या देखरेखीखाली करण्याची वाट मोकळी केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कारुक ही असा करार करणारी पहिली जमात ठरली. त्यामुळे यापुढे हवा दमट झाल्यावर, थंडीच्या तोंडावर, क्लॅमथच्या काठी कधीमधी हलका धूर दिसेल. तोही फुप्फुसांना त्रासदायक असतो, तेव्हा नकाशा त्या दिवशीही पाहावा आणि गरज पडल्यास सहल आठवडाभर पुढे ढकलावी, पण त्या धुराविरुद्ध तक्रार नोंदवायला कृपया फोन उचलू नये.