अर्ध्या इंचाचा हिशेब : वर्कबेंचच्या जड खणांना चॅनेल बसवताना

नागपूरच्या हिंगणा मार्गालगत यंत्रदुरुस्तीची एक लहानशी शेड आहे. तिच्या भिंतीशी सात फूट लांबीचे वर्कबेंच उभे आहे आणि त्याच्या उजव्या कप्प्यात आज एकाखाली एक असे तीन खण बसायचे आहेत; त्या कामाची ही चित्रफीत. प्रत्येक खण ९०० मिलिमीटर रुंद आणि ६०० मिलिमीटर खोल आहे. त्यांत पाने, सॉकेट, टॅप-डाय, ड्रिलचे बीट आणि काढून ठेवलेली जुनी बेअरिंगे राहणार आहेत, म्हणजे थोडक्यात लोखंडच. घरातल्या कपाटाच्या खणात कपडे असतात, त्यामुळे तेथे साधारण चॅनेल, म्हणजे खण ज्यांच्यावर आत-बाहेर चालतो त्या एकमेकींत सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आणि साधारण हात दोन्ही खपून जातात. येथे तसे होत नाही, कारण सर्व बाजूंनी १० सेंटिमीटर असलेला भरीव पोलादाचा ठोकळाच जवळपास ८ किलो भरतो.

म्हणूनच हे काम हाती घेतलेल्या वाढईकाकांनी (वाढई म्हणजे सुतार) टेप उचलण्याआधी वजनकाटा मागवला. प्रत्येक खणात जाणारे सामान वेगवेगळ्या घमेल्यांत भरून तोलले, तेव्हा सर्वांत जड ढीग ५८ किलोंचा निघाला. त्यात प्लायच्या रिकाम्या खणाचे सुमारे १२ किलो धरले की ७० किलो होतात. दुकानात सहज मिळणाऱ्या, ४५ मिलिमीटर उंचीच्या टेलिस्कोपिक चॅनेलची क्षमता साधारणपणे ३५ ते ४५ किलो असते. हा आकडा एका पट्टीचा नसून जोडीचा असतो, ही गोष्ट विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. ‘एका बाजूला ४५, म्हणजे दोन्ही मिळून ९०’ असे तो निःशंकपणे सांगतो. शिवाय ही क्षमता चॅनेल खणाच्या कुशीला उभे लावले आहे असे गृहीत धरलेली असते. तेच चॅनेल आडवे करून खणाच्या तळाखाली लावले, तर ती पुष्कळच घटते. या खणांसाठी जोडीला १०० किलो पेलणारे जड चॅनेल निवडले आहे, आणि त्यामुळे पुढचा सगळा हिशेब बदलला आहे.

साध्या चॅनेलची जाडी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते, म्हणून खण कप्प्याच्या आतल्या रुंदीपेक्षा बरोबर एक इंच अरुंद करायचा, हा नियम प्रत्येक सुताराला पाठ असतो. जड चॅनेलपैकी पुष्कळांची जाडी मात्र १९ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि त्यांच्यासाठी खण दीड इंचाने अरुंद करावा लागतो. चॅनेल हातात येण्याआधी खण कापून ठेवणारा माणूस येथे हमखास फसतो. आधी चॅनेल आणायचे, त्याची जाडी स्वतः मोजायची आणि मगच लाकडाला करवत लावायची, हाच क्रम मला योग्य वाटतो.

मोजमापाची भाषाही येथे आड येते. आपल्याकडे सुतारकामाचे जुने माप सूत आहे; एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडे अधिक. ‘अर्धा सूत इकडेतिकडे चालतो’ हे वाक्य दाराच्या चौकटीच्या बाबतीत खरे असले, तरी चॅनेलच्या बाबतीत दीड मिलिमीटरची ती सूट परवडत नाही. खण तेवढा रुंद झाला, तर चॅनेलच्या पट्ट्यांमधल्या पोलादी गोळ्या दाबल्या जाऊन तो अडखळत चालतो, आणि तेवढा अरुंद झाला, तर पट्ट्या ताणल्या जाऊन डगमगतात. मात्र या दोन चुकांपैकी दुसरी सुधारणे सोपे असते, कारण अरुंद खणाच्या कुशीला लॅमिनेटची पातळ पट्टी लावून फट भरता येते. रुंद झालेला प्लायचा खण मात्र रंध्याने तासावा लागतो आणि तासताना प्लायचे पदर निघू लागतात. त्यामुळे संशय असेल तेथे वाढईकाका खण केसभर अरुंदच ठेवतात.

आता पडद्यावर कप्प्याची तपासणी दिसते आहे. आतली रुंदी पुढे मोजली, मग मागे मोजली, आणि मागची एक मिलिमीटरने कमी भरली. असा कप्पा मागे निमुळता होत गेलेला असतो, आणि त्यातला खण बाहेर असताना लोण्यासारखा चालतो, पण मिटताना शेवटच्या चार बोटांत रुततो. दोष चॅनेलचा आहे असे समजून लोक त्यात तेल ओततात, तेलावर शेडमधला लोखंडाचा कीस बसतो आणि मग चॅनेल खरोखरच बिघडते. येथे मागच्या बाजूची उभी पट्टी सैल करून रुंदी सारखी केली गेली. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजले आणि ते समान आल्यावरच कप्पा काटकोनात असल्याचे मान्य केले.

हे खण प्लायचे असले, तरी त्यांच्या दर्शनी फळ्या लकडगंज या नागपूरच्या लाकूडबाजारातून आणलेल्या सागवानाच्या आहेत. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपुरातूनच गेले होते, तेव्हा दर्जाविषयी बोलायला नको; पण सागवानही हवेनुसार हलतेच. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लाकूड कोरडे ठणठणीत होते, मग जुलैच्या झडीत तेच लाकूड फुगते. हे फुगणे रेषांना आडवे होते, रेषांच्या लांबीत जवळपास नाहीच. फळी आडवी लावलेली असल्यामुळे तिची लांबी, म्हणजे खणाची रुंदी, बदलत नाही आणि चॅनेलच्या फटीला धोका पोहोचत नाही. वाढते ती फळीची उंची. उन्हाळ्यात हे काम करणाऱ्याने वरखालच्या दोन दर्शनी फळ्यांमध्ये तीनेक मिलिमीटरची फट सोडायची असते. ती न सोडल्यास श्रावणात खण एकमेकांना घासू लागतात.

बसवण्याची सुरुवात सर्वांत खालच्या खणापासून होते. प्लायचे एकाच मापाचे दोन तुकडे कप्प्याच्या तळावर दोन्ही बाजूंना उभे केले आहेत आणि चॅनेलची बाहेरची पट्टी त्यांच्यावर टेकवली आहे. टेपने दोनदा मोजण्यापेक्षा हे अधिक भरवशाचे असते, कारण तुकडे सोबत कापलेले असल्यामुळे डावी आणि उजवी बाजू आपोआप एका पातळीत येते. दर्शनी फळी आत बसणारी असल्यामुळे पट्टी तिच्या जाडीइतकी मागे सरकवली आहे. पहिले स्क्रू लांबट भोकांत जातात, गोल भोकांत नाही, कारण लांबट भोकांमुळे पट्टी वरखाली किंवा मागेपुढे थोडी सरकवता येते. स्क्रूचे डोके पट्टीच्या खळग्यात पूर्ण बसले पाहिजे. ते कणभर जरी वर राहिले, तरी सरकणारी पट्टी त्यावर घासते. भुशाच्या बोर्डात हे स्क्रू काही महिन्यांतच ढिले होतात, म्हणून कप्प्याच्या दोन्ही कुशी येथे १८ मिलिमीटर प्लायच्या दुहेरी थराच्या केल्या आहेत.

या जातीच्या चॅनेलची आतली पट्टी सुटी निघत नाही. त्यामुळे दोन्ही चॅनेल पूर्ण बाहेर ओढून रिकामा खण त्यांच्यामध्ये धरावा लागतो. हे एकट्याचे काम नाही. “काका, मी खालून धरतो, तुम्ही समोरचा स्क्रू घ्या,” असे म्हणत मदतनीस मुलगा गुडघ्यावर बसला आहे.

खण खोलीपेक्षा रुंद आहे, हा या रचनेतला कच्चा दुवा आहे, आणि माझे मत विचाराल तर मी त्याचे दोन खण केले असते. रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढला, की तो तिरका होऊन अडकतो. त्यावर उपाय म्हणून दोन मुठींऐवजी मधोमध एकच लांब मूठ लावली आहे.

राहिला तोल. सामानासह ७० किलोंचा खण पूर्ण उघडला, की त्याचा भार बेंचच्या पुढच्या पायांपासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे येतो. तिन्ही खण एकदम उघडले, तर २१० किलो तेवढ्या अंतरावर लोंबतात, आणि खणांव्यतिरिक्त बेंचचे वजन १२० किलो असून त्याचा मध्य पुढच्या पायांपासून ३५ सेंटिमीटर मागे आहे. किलोंतले वजन गुणिले मीटरमधले अंतर असा हिशेब केला, तर ६३ विरुद्ध ४२, म्हणजे बेंच माणसाच्या अंगावर येणार. त्यामुळे मागचे दोन पाय अँकर बोल्टने जमिनीत जखडून टाकले, आणि तोवर खणांत एकही पाना ठेवू दिला गेला नाही.

आठवडाभर भरलेले खण वापरल्यावर वाढईकाका परत आले. मधला खण डावीकडे दीड मिलिमीटर खाली बसला होता. त्यांनी सामान काढले, लांबट भोकांतले स्क्रू सैल करून पट्टी उचलली आणि मगच, सर्वांत शेवटी, गोल भोकांतले स्क्रू पक्के केले.